नागनिका नावाच्या दोघी

लग्नाची पत्रिका हातात पडली की माझी नजर मुहूर्ताआधी खालच्या नावांवर जाते. निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त अमुक परिवार, आणि अगदी तळाशी 'आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. एका पत्रिकेत चार पिढ्या सापडतात. वरच्या ओळीत 'कै.' लावलेल्या गोजराबाई, मधे सुमन आणि मंगल, त्यांच्या खाली वैशाली, आणि तळाला अन्विता नाहीतर शनाया. माणसं बघितली नसली तरी नावांवरून घराचा अंदाज येतो. गोजराबाईंच्या वेळी घरात नाव कोण ठेवत असे आणि अन्विताच्या वेळी ते कुठे शोधलं असेल, हेही कळतं.

देवळांतही माझं तेच होतं. जीर्णोद्धार झालेल्या देवळात पायाखाली फरश्या असतात, त्यावर देणगीदारांची नावं कोरलेली. लोक त्यावरून चालत जातात. मी थांबून वाचते. ठकूबाई, तान्हूबाई, सगुणा, भागीरथी, चिमणा, साळू. यांतलं एकही नाव माझ्या ओळखीतल्या चाळिशीच्या आतल्या बाईचं नाही. नावांनाही ऋतू असतो. एके काळी गल्लीत हाक मारली की तिघी वळून बघत, तेच नाव पन्नास वर्षांत फरशीवर जाऊन बसतं. काही नावं मात्र परत येतात. सई, जिजा, रमा, ईरा. पणजीचं जुनाट वाटणारं नाव पणतीला शोभून दिसतं. दोन पिढ्यांचं अंतर पडलं की जुनेपणाचा वास जातो आणि नुसता नाद उरतो. पण दोन पिढ्यांऐवजी दोन हजार वर्षं मधे गेली तर?

नाणेघाटातल्या लेण्याच्या मागच्या भिंतीसमोर उभी होते तेव्हा हा विचार पहिल्यांदा मनात आला, आणि तेव्हापासून तो सुटलेला नाही.

जुन्नरहून घाटघरकडे जाणारा रस्ता संपतो तिथे सह्याद्रीही एकदम संपतो. एका बाजूला जीवधन, समोर नानाचा अंगठा, आणि मधे डोंगरात पडलेली अरुंद खाच. त्या खाचेतून दगडी पायऱ्यांची वाट खाली कोकणात, वैशाखऱ्याच्या दिशेनं उतरते. पावसाळ्यात इथला वारा इतका जोरकस असतो की खाली पडणारं पाणी उलटं वर उडतं, आणि ते बघायला हल्ली भरपूर गर्दी होते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरला आणि पुढे पैठणपर्यंत जात असे. घाटमाथ्यावर दगडाचा एक भलामोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असं सगळे सांगतात, आणि तो रांजण बघितल्यावर ते खरं मानावंसं वाटतं. घाटाच्या नावातच नाणं आहे.

माथ्यापासून थोडं खाली लेणं आहे. आत शिल्पाची श्रीमंती काही नाही. चौकोनी दालन, कडेनं दगडी बाक, बाहेर पाऊस असेल तर आत ओल. वाटसरूला टेकायला बांधावं तसं हे दालन, पण डाव्या-उजव्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळींमागून ओळी कोरलेल्या, आणि मागच्या भिंतीवर एके काळी सातवाहनांच्या राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. ते आता नाहीत. झिजले, फुटले, कोणी फोडले असतील. कुठे पावलांचा आकार जाणवतो, कुठे तेही नाही. पण प्रत्येक पुतळ्याच्या डोक्यावर त्याचं नाव कोरलं होतं, आणि त्यांतली बरीचशी नावं अजून वाचता येतात. राजा सिमुक सातवाहन. कुमार भाय. महारठी त्रनकयिर. कुमार हकुसिरी. कुमार सातवाहन. आणि सिमुकानंतर लगेच एक जोडनाव : देवी नायनिका आणि राजा श्री सातकणी.

आधी तिचं, मग राजाचं.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. त्या काळी रिवाजच तसा असेल किंवा ज्याच्या सांगण्यावरून हे कोरलं त्याची ती आई असेल, म्हणून तिला पहिला मान. कारण काही असो, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नी हातात घेऊन पहिल्यांदा 'देवि' कोरलं, मग तिचं नाव, आणि नंतर राजाकडे वळला. चेहरा गेला, दागिने गेले, अंगावरचं वस्त्र कसं नेसलं होतं तेही गेलं. चार-पाच अक्षरं राहिली.

इतिहासाच्या पुस्तकांत ती नागनिका म्हणून भेटते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्यावर मराठीत लिहिलेला मोठा ग्रंथ १९७९ साली निघाला. त्यात या कोरीव लेखांचं वाचन शांतपणे उलगडलेलं आहे. भिंतीवर मात्र 'नायनिका' आहे. मधला ग विरघळून य झाला. बोलताना जीभ जिथे आळस करते तिथे प्राकृतानं लेखणीलाही मुभा दिली. हा आळस आपल्या भाषेच्या हाडात आहे. नगरातला ग असाच गळाला आणि संगमनेर, पारनेर, अमळनेर तयार झाले. खुद्द जुन्नर म्हणजे जीर्णनगर, असं मानतात. ज्या गावावरून आपण नाणेघाटाला जातो त्या गावाच्या नावातून आणि घाटात कोरलेल्या राणीच्या नावातून एकच अक्षर, एकाच रीतीनं निसटलं आहे. ती राणी आजच्या मराठीपासून कितीही लांब असली तरी तिच्या नावाचा उच्चार आपल्या तोंडाला परका नाही. सातकणी आणि नागनिका अशी दोन्ही नावं असलेलं चांदीचं नाणंही सापडलं आहे, आणि त्यावर ग शाबूत आहे. नाण्यावर ठेवणीतलं नाव आणि भिंतीवर घरातलं, असं मी माझ्यापुरतं समजते.

नाग आणि शेवटी इका. इका हा प्रत्यय मुलींच्या नावांत आजही आहे आणि त्यात थोडा लाड असतो. म्हणजे नागनिका ही छोटी नागीण. बाळाला टोपडं घालून कुणी 'माझी नागीण ती' म्हणावं, हे आज ऐकायला कसंसंच वाटेल. आपल्याकडे दिवेलागणीनंतर सापाचं नावच काढत नाहीत. माझी आजी 'लांबडं' म्हणायची. 'परसात लांबडं दिसलं' असं तिनं हळू आवाजात सांगितलं की आम्ही मुलं पाय वर घेऊन बसायचो. पण तीच आजी नागपंचमीला पाटावर गंधानं नाग काढायची, लाह्या-दूध ठेवायची, आणि त्या दिवशी घरात विळीला हात लावू द्यायची नाही. चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, जमीन खणायची नाही. भीती आणि नातं दोन्ही एकाच घरात सुखानं नांदत होती. नाग हा जमिनीखालच्या पाण्याचा आणि धनाचा राखणदार. वारुळ म्हणजे भुईचं दार. ज्या भूमीवर राहायचं तिच्या राखणदाराचं नाव लेकीला द्यायचं, यात भिण्यासारखं काय असणार? अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेर नागराजा आपल्या राणीसह बसला आहे. डोक्यावर फण्यांचं छत्र आहे आणि बसण्यात घरच्या माणसाचा निवांतपणा. ते शिल्प नागनिकेनंतर कितीतरी शतकांनी झालं, पण ते बघताना मला तिचं नाव जास्त कळलं.

माझं मन मात्र आणखी एका शक्यतेत रमतं. आश्लेषा नक्षत्राची देवता सर्प. त्या काळी नक्षत्रावरून आणि नक्षत्राच्या देवतेवरून नावं ठेवण्याची पद्धत होती, आणि कोकणातल्या कुडे लेण्यांत तिचा एक गोड पुरावा आहे. सोमदेव नावाच्या एका वैद्यानं तिथे दान दिलं आणि आपल्याबरोबर मुलांची नावंही कोरून घेतली. मुलगे नाग, इसिरखित, सिवघोस. मुली इसिपालिता, पुसा, धम्मा आणि सपा. पुसा ही पुष्य नक्षत्रावरची, हे उघड आहे. सपा म्हणजे सर्पा. पुष्याच्या लगेच पुढचं नक्षत्र आश्लेषा. या दोघी बहिणींपैकी एकीचं नाव नक्षत्रावरून ठेवलं आणि दुसरीचं त्या पुढच्या नक्षत्राच्या देवतेवरून, असं मानलं तर सगळं चपखल बसतं. वैद्याचं घर, सात मुलं, त्यांत एक नाग आणि एक सपा, आणि ही नावं देवासमोर दगडात खोदून घ्यायला बापाला काहीच खटकलं नाही.

पुढे आपण आश्लेषेला घाबरायला लागलो. आश्लेषेवर जन्मलेली मुलगी सासूला वाईट आणि मूळ नक्षत्रावरची सासऱ्याला, असं पत्रिका जुळवताना सांगणारे आजही आहेत. शांती करतात. चांगल्या चांगल्या मुलींची स्थळं त्यापायी अडलेली मी पाहिली आहेत, आणि त्या बोलण्याचा मला संताप येतो. गंमत अशी की आश्लेषा हे नाव मराठी घरांत आवडीनं ठेवतात, कारण त्याचा अर्थ मिठी. माझ्या मनात नागनिका ही आपल्या ओळखीच्या आश्लेषेची थोरली बहीण आहे. एकीनं नक्षत्राचं नाव घेतलं, दुसरीनं त्याच्या राखणदाराचं.

नाणेघाटातल्या बाजूच्या भिंतींवरचा लेख हा या राणीचा मोठा लेख. सुरुवातीला देवांना वंदन आहे : धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, चार लोकपाल. मग यज्ञांची यादी. अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम. मग प्रत्येक यज्ञातली दक्षिणा, आणि ती मोजून सांगितलेली. १,७०० गाई, ११,००० गाई, १,००१ गाई, हत्ती, घोडे, गावं, कार्षापण. वाचता वाचता धाप लागते. जकातीच्या घाटावर, जिथे येणारा-जाणारा व्यापारी पैशाच्या हिशोबातच असे, तिथे राजघराण्यानंही आपला हिशोब मांडून ठेवला होता. हे आकडे आज आपल्याला वाचता येतात याचं मोठं श्रेय पंडित भगवानलाल इंद्रजींचं. हा जुनागढचा माणूस. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख, आणि त्याच्या सावलीत हा मुलगा वाढला. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाडांबरोबर काम केलं, देशभर लेणी धुंडाळली, आणि वयाच्या पन्नाशीच्या आत, १८८८ साली गेला. नाणेघाटातल्या अंकचिन्हांवर त्यांनी जीव ओतला. भारतातल्या इतक्या जुन्या आकड्यांची अशी भरघोस रांग दुसरीकडे क्वचितच मिळते. ते दृश्य मी पुष्कळदा मनात आणलं आहे. ओल धरलेली भिंत, तिच्यावर दाबून बसवलेला कागद, आणि अंधारात एकेका खोदलेल्या रेघेवरून फिरणारं त्यांचं बोट.

या हिशोबाच्या गर्दीत मधेच राणी येते, आणि लेखाचा सूर बदलतो. ती कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची पत्नी, कुणाची आई हे क्रमानं येतं. बाप महारठी होता, मुलगा वेदिसिरी. आणि मग ती स्वतः. महिना महिना उपास करणारी. घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी. ब्रह्मचर्य पाळणारी. दीक्षा, व्रतं, यज्ञ यांत निष्णात. हजारो गाईंच्या आकड्यांनी न हललेली मी या चार विशेषणांपाशी थांबले. ही नवऱ्यामागे उरलेली बाई आहे. मुलं लहान, राज्य मोठं, घाटातून रोज तांडे उतरतात, आणि ती महिन्याचे उपास धरते. आपल्या घरांतून अशा बायका होऊन गेल्या आहेत. नवरा गेल्यावर एकभुक्त राहून दीर-जावांचा संसार सांभाळणाऱ्या, जमिनीचे कागद जपणाऱ्या, मुलाला वयात आणून त्याच्या हातात किल्ल्या देणाऱ्या. त्यांच्या उपासात भक्ती किती आणि स्वतःला ताठ ठेवण्याची धडपड किती, हे त्यांनाच ठाऊक.

या लेखात सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट अशी की नेमकं तिचं नाव जिथे असायला हवं तिथेच दगड तुटला आहे. विशेषणं राहिली, नाव गेलं. मागच्या भिंतीवर पुतळ्याच्या डोक्यावर ते राहिलं, पण तिथला पुतळा गेला. एका भिंतीवर बाईचा स्वभाव, दुसऱ्या भिंतीवर नाव. मधल्या चार पावलांच्या मोकळ्या जागेत अभ्यासकांनी दोन्ही जोडून एक बाई उभी केली.

आपल्याकडे बाईचं नाव टिकणं तसं सोपं नव्हतंच. ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीनं नवं नाव लिहिण्याचा विधी मी किती लग्नांत जवळून पाहिला आहे. नवरा मुलगा वाकून लिहितो, भोवती बायका मान वेळावून बघतात, कोणीतरी 'मोठ्यानं वाचा की!' म्हणतं, आणि माहेरी वीस-बावीस वर्षं अंगाखांद्यावर खेळलेलं नाव तांदळात बुडून जातं. माझ्या आईचं माहेरचं नाव मला मोठेपणी कळलं, तेही मामाच्या तोंडून. तो तिला त्या नावानं हाक मारी तेव्हा आई वेगळीच दिसायची, चपळ. आता हा विधी कमी झाला आहे, आणि झाला ते फार चांगलं झालं.

सातवाहनांत राजे आईच्या गोत्रावरून ओळखले जात. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. शाळेत हे शिकवताना बाई कौतुकानं सांगायच्या की बघा, आईचं नाव लावत. त्या नावात आईचं गोत्र असे, तिचं स्वतःचं नाव नसे. गौतमीपुत्राच्या आईचं नाव बलश्री होतं हे आपल्याला कळतं ते नाशिकच्या लेण्यात तिनं स्वतः दान दिलं म्हणून. तो लेख तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षातला. त्यात ती स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. मुलगा गेल्यावर त्याचे गुण ती असे सांगते की राजवंशाच्या प्रशस्तीआडून आईचा गळा दाटलेला ऐकू येतो. देणाऱ्या बाईचं नाव टिकतं, हे या लेण्यांतून पुन्हा पुन्हा दिसतं. राणी असो की भिक्षुणी, की कुणा व्यापाऱ्याची बायको, की वैद्याच्या चार मुली, हातून काही सुटलं की दगड त्यांची नोंद घेई.

माझ्या भाचीला या महिन्यात मुलगी झाली. पहिली बेटी धनाची पेटी म्हणत घरात आनंदीआनंद आहे, आणि नावावरून रोज फोन सुरू आहेत. जन्माक्षर न आलं. भाचीनं मला विचारलं, "मावशी, तुझ्याकडे असतात ना असली जुनी नावं? दुसऱ्या कुणाचं नसेल असं सांग." मी नागनिका सांगितलं. क्षणभर पलीकडून काहीच आलं नाही. मग तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "नागावरून कशाला हो ताई, मुलीचं नाव कसं फुलासारखं असावं." बाळाची आत्या, म्हणजे नाव ठेवण्याचा मान जिचा, ती शाळेत शिकवते. ती म्हणाली, नाव छान आहे, पण वर्गात मुलं चिडवतील. जावयांनी मात्र दोनदा स्वतःशीच उच्चारून पाहिलं. नाग-निका. नागनिका. "नायनिका जास्त गोड आहे," असं म्हणाले. घाटातल्या त्या कारागिराचंही तेच मत पडलं होतं, हे त्यांना सांगताना मला फार बरं वाटलं.

सासूबाईंना फुलासारखं नाव हवं होतं म्हणून मला कुड्याची दुसरी नागनिका सांगावीशी वाटली.

कुडे लेणी रायगड जिल्ह्यात, राजपुरीच्या खाडीवरच्या डोंगरात आहेत. एकूण २६. तिथे जाणारी माणसं थोडी. पायथ्याशी गाव, वर झाडी, आणि लेण्यातून खाली पाहिलं की खाडीचं पाणी दिसतं. वैद्य सोमदेवाचं घर याच लेण्यांतलं. त्यांतल्या एका लेण्याचं दान एका भिक्षुणीचं आहे. तिचं नाव पदुमनिका. पदुम म्हणजे कमळ, आणि शेवटी पुन्हा तोच लाडाचा इका. लेणं दिलं आणि बरोबर पाण्याची पोढी, म्हणजे टाकंही दिलं. डोंगरात राहणाऱ्यांना पावसाळ्यानंतर आठ महिने पाणी कुठून मिळणार याचा विचार करणारी ही बाई संसार सोडूनही चांगली संसारी होती. तिनं आपली ओळख कशी सांगितली आहे, तर प्रव्रजिता नागनिका हिची मुलगी. मामांचीही नावं त्यात आहेत. ते दोघेही संघातले मोठे थेर, आणि ती त्यांची भाची. शेवटी तिच्या शिष्या, बोधी आणि आसाळ्हमिता.

आसाळ्हमिता, म्हणजे आषाढमित्रा. किती देखणं नाव.

हा छोटासा लेख मला नाणेघाटच्या यज्ञांहून जवळचा वाटतो. इथली नागनिका राणी नाही. तिचे पुतळे नव्हते, नाणी नव्हती, गाईंचे आकडे नव्हते. एके काळी तिला घर होतं, मुलगी झाली, आणि मग ती भिक्षुणी झाली. मुलगी आईमागून गेली, की दोघी एकदमच निघाल्या? राणी उपास करत राहिली पण घरात राहिली, आणि ही उंबरा ओलांडून गेली. राणीच्या लेखात बाप, सासरा, नवरा, मुलगे ओळीनं उभे आहेत. या लेखात बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही. आई आहे, आईचे भाऊ आहेत आणि पदरी घेतलेल्या दोन मुली आहेत. घर सोडलेल्या बाईनं स्वतःची ओळख सांगायची वेळ आली तेव्हा दगडात जे ठेवलं ते एवढंच. नाती सोडून ज्या वाटेला जायचं त्या वाटेवरच्या शिलालेखात तिनं 'मुलगी' आणि 'भाची' हे दोन शब्द कोरून घेतले. गाठ सोडायला शिकणाऱ्या बाईला ही गाठ ठेवावीशी वाटली, आणि मला ती तिच्या साधनेतली कसूर वाटत नाही.

संघात गेल्यावर ती आईला काय म्हणून हाक मारत असेल? भिक्षेला निघताना, पोढीवर पाणी भरताना, आईच्या दुखण्यात तिच्या उशाशी बसल्यावर? आणि या दुसऱ्या नागनिकेचं नाव कुणी ठेवलं असेल? घाट उतरून आलेल्या कुणा व्यापाऱ्यानं वरच्या भिंतीवर राणीचं नाव पाहिलं, ते त्याच्या लक्षात राहिलं आणि काही पिढ्यांनी कोकणातल्या एखाद्या बारशात ते पुन्हा निघालं, असं झालं असेल. किंवा राणीशी काही संबंध नसेल, तिच्याही जन्माला आश्लेषाच असेल आणि तिच्या घरी सर्पाचं भय नसेल.

हे सगळं फोनवर सांगून झालं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. बाळ मधे दोनदा रडलं, भाचीनं त्याला घेतलं, फोन खांद्याशी धरून ऐकत राहिली. सासूबाई केव्हातरी स्पीकरजवळ येऊन बसल्या असाव्यात, कारण शेवटी प्रश्न त्यांचाच आला. "ती कमळावरून नाव असलेली मुलगी, तिनं आईच्या नावानं लेणं दिलं म्हणता?"

"स्वतःच्या नावानं दिलं. पण आईचं नाव बरोबर कोरलं."

"मग आमच्या सूनबाईंचंही नाव असू द्या की बाळाच्या नावापुढे," त्या म्हणाल्या. "बापाचं असतंच. आधी आईचं येऊ दे." आणि लगेच मुलाला हाक मारून विचारू लागल्या की जन्मदाखल्यावर असं लिहून घेतात का, आणि अर्ज कुठे करायचा. नाव ठरायचं आहेच. पाळणा भाड्यानं सांगून झाला आहे, बारसं रविवारी आहे, आणि आत्या शनिवारच्या गाडीनं येते आहे.